रोमन लिप्यंतर आणि चिनी भाषेचे अध्ययन : 'महाराष्ट्र' या नावाच्या चिनी रूपावरून काही विचार

१

अमरावतीजवळचे, पेढी नदीकाठचे वलगाव हे नाव केवळ रोमन लिपीत वाचून ज्याने त्याचा उच्चार करण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला लिप्यंतराच्या मर्यादा निराळ्या सांगावयास नकोत. आरंभी 'व्ही' लिहावा की 'डब्ल्यू' येथपासूनच एकवाक्यता नाही. पुढील 'ए' ऱ्हस्व की दीर्घ, 'एल' हा ल की ळ, आणि ज्या शब्दाच्या शेवटी आज 'न' उच्चारलाच जात नाही तेथे 'एन' कशासाठी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या सात अक्षरांत सापडत नाही. ज्याला गावाचे नाव आधीच ठाऊक आहे त्यालाच ते लेखन उलगडते. खुद्द अमरावतीची गोष्टही अशीच आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकारी व व्यापारी यांनी हे नाव आपल्या कानांना जसे ऐकू आले तसे लिहिले, आणि त्या लेखनातूनच वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊम्रा' हे नाव पडले. व्यापाराला तेवढे पुरले. भाषेच्या अभ्यासकाला ते पुरत नाही.

चिनी भाषेच्या अध्ययनात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. चिनी अक्षरचिन्ह अर्थाचा बोध करून देते, पण आपला उच्चार निश्चितपणे सांगत नाही. एकच चिन्ह पेकिंगमध्ये एक प्रकारे वाचले जाते, तर कँटनमध्ये दुसऱ्या प्रकारे. 'शाळा' हा शब्द पुण्यास आणि वऱ्हाडात सारखाच लिहिला जात असून वऱ्हाडी बोलीत त्याचा उच्चार 'शाया' होतो, हे ज्यांच्या नित्य परिचयाचे आहे त्यांना या स्थितीची कल्पना सहज करता येईल. मात्र मराठीतील हा भेद एखाद्या वर्णापुरता असतो, चिनी बोलींत तो बहुधा सबंध अवयवाचा असतो. अशा लिपीसमोर बसलेल्या परकीय विद्यार्थ्याला उच्चार दाखवणारी काही खूण हवी, आणि ही गरज गेली चार शतके मुख्यतः रोमन लिपीने भागवली आहे.

रोमन लिप्यंतराने चिनी भाषेच्या अध्ययनाची केलेली सेवा मान्य करूनच प्रस्तुत लेखात एका मर्यादेकडे लक्ष वेधावयाचे आहे. लिप्यंतर हे एका विशिष्ट काळातील, एका विशिष्ट नगरातील उच्चाराचे चित्र असते, आणि ते चित्र पाहणारा ते आपल्या भाषेच्या डोळ्यांनी पाहतो. या दोन गोष्टींचा विसर पडला म्हणजे काय होते, हे 'महाराष्ट्र' आणि 'पुलकेशी' या आपल्याच दोन नावांवरून तपासता येते.

२

चिनी ध्वनींच्या पृथक्करणाचा आरंभ रोमन लिपीने झालेला नाही. 'फान्-छिए' नावाची एक पद्धती चीनमध्ये इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतच रूढ झाली होती. तीत अज्ञात चिन्हाचा उच्चार दोन ज्ञात चिन्हांच्या साहाय्याने सांगितला जाई. पूर्व दिशा या अर्थाच्या 'तुंग' या चिन्हासाठी 'त' व 'हुंग' ही दोन चिन्हे दिली जात. पहिल्याचे आदिव्यंजन व दुसऱ्याचा उर्वरित भाग जोडला की 'तुंग' सिद्ध होई. इ. स. ६०१ मध्ये लू फा-येन याने सिद्ध केलेला 'छिए-युन' हा कोश याच पद्धतीवर आधारलेला आहे.

या पृथक्करणाला शास्त्रीय मांडणी लाभली ती भारतीय वर्णमालेच्या परिचयाने. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतराबरोबर सिद्धम् लिपी आणि तिच्यातील वर्गवार मांडणी चिनी भिक्षूंना परिचित झाली. तांग राजवटीच्या अखेरीचा भिक्षू शौ-वेन याच्या नावाशी निगडित असलेल्या वर्णसूचीत, आणि तीतून पुढे तयार झालेल्या छत्तीस आदिव्यंजनांच्या मालिकेत, ओष्ठ्य, दंत्य इत्यादी उच्चारस्थानांचे गट असून प्रत्येक गटात अल्पप्राण, महाप्राण, घोष व अनुनासिक असा क्रम आहे. क-च-ट-त-प हे वर्ग बालपणी पाठ केलेल्या मराठी वाचकाला तो क्रम ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. चिनी भाषेतील चार सुरांची जाणीव पाचव्या शतकाच्या अखेरीस शेन युए (४४१–५१३) व त्याच्या समकालीनांत स्पष्ट झाली, तीमागे वैदिक उदात्त, अनुदात्त व स्वरित यांचा संस्कार असावा, असा तर्क छेन यिन-ख या इतिहासकाराने १९३४ मध्ये मांडला होता. तो सर्वमान्य झालेला नाही. तथापि चिनी भाषेचा ध्वनिविचार आणि भारतीय शिक्षाशास्त्र यांचा संबंध वरवरचा नव्हता, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

३

रोमन लिपीचा प्रवेश या इतिहासात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात होतो, आणि त्याची वाट गोव्यावरून जाते. मिकेले रुज्जेरी व मात्तेओ रिची हे दोघे इटालियन जेझुइट १५७८ मध्ये गोव्यास उतरले. रुज्जेरी लवकरच मकावला गेला. रिची मध्यंतरी कोचीनला राहून १५८२ मध्ये त्याच्यामागून गेला. त्या दोघांनी सिद्ध केलेला पोर्तुगीज-चिनी कोश हा चिनी शब्द रोमन लिपीत पद्धतशीरपणे लिहिण्याचा आद्य प्रयत्नांपैकी एक होय. आरंभीच्या या लेखनात महाप्राणाची व सुराची खूण नव्हती. म्हणजे आपण ज्याला 'प' व 'फ' म्हणू ते दोन्ही एकाच अक्षराने लिहिले जात. हे न्यून १५९८ च्या सुमारास, संगीताची जाण असलेल्या लाझारो कात्तानेओ याच्या साहाय्याने दूर करण्यात आले. सुरांसाठी पाच चिन्हे व महाप्राणासाठी एक चिन्ह ठरले. याच पद्धतीचा विस्तार करून निकोला त्रिगो याने १६२६ मध्ये हांगचौ येथे आपला कोश प्रसिद्ध केला. पाश्चात्य विद्वानांच्या कानाडोळ्यांस साहाय्य, अशा आशयाचे त्याचे नाव आहे.

रुज्जेरी व रिची यांच्या पाठोपाठ, १५७९ मध्ये, फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास आला. त्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीतच. स्टीफन्सपुढील अडचण रिचीच्या अडचणीची बहीणच होती. लॅटिन व पोर्तुगीज यांच्या गरजेपुरत्या अक्षरांत मराठीतील मूर्धन्य वर्ण बसत नव्हते. म्हणून त्याने अक्षरे दुप्पट करून ट, ड, ण, ळ दाखवले. एकाच बंदरातून निघालेल्या या दोन लिप्यंतरांची पुढील गती मात्र निराळी झाली. मराठीला स्वतःची ध्वनिदर्शक लिपी होती, त्यामुळे क्रिस्तपुराणाचे रोमन रूप नागरीत परत आणणे शक्य होते आणि पुढे ते आणलेही गेले. चिनी भाषेला असा आधार नव्हता. तेथे रोमन लेखन हेच उच्चाराचे प्रमाण होऊन बसले.

४

लिप्यंतर कोणत्या उच्चाराचे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात ऐरणीवर आला. तोवरचे बहुतेक कोश नानकिंगकडील प्रतिष्ठित उच्चार प्रमाण मानीत. टॉमस वेड या इंग्रज मुत्सद्द्याने १८६७ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात पेकिंगचा उच्चार प्रमाण धरला, आणि हर्बर्ट जाइल्स याच्या १८९२ च्या कोशाने ती पद्धती जगभर रूढ केली. या स्थलांतराचा एक परिणाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पेकिंगच्या बोलीत 'इ'पूर्वीचा 'क' हा तालव्य होऊन 'च' बनला होता. नानकिंगच्या जुन्या प्रमाण उच्चारात तो टिकून होता. 'पेकिंग' या नावातला 'किं' हा त्या जुन्या उच्चाराचा अवशेष होय. खुद्द त्या नगरीचे रहिवासी 'पेइचिंग' म्हणतात.

आता पुलकेशीकडे वळू. ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला आणि ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने येथील राजाचे नाव चार चिन्हांत नोंदले. स्तानिस्लास ज्युलियाँ याच्या फ्रेंच भाषांतरावरून व त्यानंतरच्या इंग्रजी ग्रंथांवरून ते आपल्याकडे 'पु-लो-कि-शे' असे परिचित झाले. आजच्या प्रमाण चिनी वाचनानुसार तीच चार चिन्हे 'पु-ल्वो-ची-शअ' अशी वाचली जातात. केवळ हे दुसरे रूप समोर आले असते, तर त्यात पुलकेशी ओळखणे कितपत शक्य झाले असते? तिसऱ्या चिन्हाचा सातव्या शतकातील उच्चार 'केइ' असा होता; त्याचा पुढे 'कि' व अखेर 'ची' झाला. 'पेकिंग'चे 'पेइचिंग' ज्या नियमाने झाले, त्याच नियमाने पुलकेशीच्या नावातला 'के' नाहीसा झाला आहे. राजाचे नाव चिन्हांत सुरक्षित आहे. बदलला तो वाचकाचा उच्चार.

'महाराष्ट्र' या नावाचे चिनी रूप याहूनही उद्बोधक आहे. वेड-जाइल्स पद्धतीने ते 'मो-हो-ला-छा' असे लिहिले जाते. यातील 'ला-छा' या दोन अवयवांत 'राष्ट्र' कोठे आहे, असे कोणीही विचारील. उत्तर तांगकालीन उच्चारात आहे. त्या काळच्या चिनी भाषेत 'र' नव्हता, म्हणून त्याच्या जागी 'ल' आला. तिसऱ्या चिन्हाच्या अंती तेव्हा 'त्' होता. उत्तरेकडील बोलीतून असे अंत्य स्पर्श पुढे लोपले, परंतु कँटनच्या बोलीत ते चिन्ह आजही 'लात्' असेच वाचतात. चौथ्या चिन्हाच्या आरंभी आजच्यासारखा 'छ' नसून 'ठ'च्या जवळचा मूर्धन्य महाप्राण स्पर्श होता. म्हणजे यात्रेकरूने लिहिलेले नाव साधारणतः 'म्वा-हा-लात्-ठा' असे ऐकू आले असते, आणि त्यात महाराष्ट्र, किंबहुना प्राकृत 'महारट्ठ', स्पष्ट उमटतो. तथापि एवढ्यावरून त्याने प्राकृत रूपच ऐकले असा निष्कर्ष काढू नये. 'सुराष्ट्र' या नावासाठीही त्याने शेवटी हीच दोन चिन्हे योजली आहेत. 'राष्ट्र' या पदाचे हे त्याचे ठरलेले चिनी रूप दिसते.

या उदाहरणातून ज्युलियाँची पद्धतीही स्पष्ट होते. १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने चिनी पुस्तकांतील संस्कृत नावे ओळखण्याचे नियम दिले. एखादे चिन्ह ज्ञात संस्कृत शब्दांत कोणत्या अवयवासाठी येते हे पाहून अज्ञात शब्दात त्याचे मूल्य ठरवायचे, हे त्या नियमांचे सार होय. म्हणजे त्याने चिन्हाची तुलना चिन्हाशी केली, रोमन अक्षराची संस्कृत अक्षराशी नव्हे. पुढे बर्नहार्ड कार्लग्रेन याने १९१५ पासून प्रसिद्ध केलेल्या अध्ययनात जुने यमककोश व आधुनिक बोली यांच्या आधारे प्राचीन उच्चारांची पुनर्रचना केली, आणि बॅरन श्टाएल-होल्श्टाइन याने १९२३ मध्ये अशा कार्यात संस्कृत प्रतिलेखनांचे महत्त्व चिनी विद्वानांसमोर मांडले. चिनी ग्रंथांतून भारताचा इतिहास वाचण्यासाठी निघालेली विद्या अशा रीतीने चिनी भाषेचाच इतिहास वाचण्याचे साधन ठरली.

५

महाराष्ट्रात या क्षेत्रात ज्यांनी पायाभूत कार्य केले त्यांत पुण्याचे प्रा. पु. वि. बापट व प्रा. वा. वि. गोखले ही नावे अग्रगण्य आहेत. गोखले यांनी १९३० मध्ये जर्मनीत उल्लंघाच्या 'प्रतीत्यसमुत्पादशास्त्रा'चे चिनीवरून संपादन-भाषांतर प्रसिद्ध केले. बापट यांनी १९३७ मध्ये 'विमुत्तिमग्ग' व 'विसुद्धिमग्ग' यांचा तुलनात्मक अभ्यास पुण्यास प्रकाशित केला. यांपैकी पहिला ग्रंथ मुख्यतः सहाव्या शतकाच्या आरंभीच्या चिनी भाषांतरातूनच उपलब्ध होता. त्यानंतर त्यांनी चिनी 'अर्थपदसूत्रा'ची 'सुत्तनिपाता'तील अट्ठकवग्गाशी तुलना केली, आणि हिराकावा आकिरा यांच्या सहकार्याने 'शान-चिएन-फि-फो-शा' या विनयग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे प्रसिद्ध केले.

या शेवटच्या ग्रंथाच्या नावात लिप्यंतराची सारी अडचण एकवटली आहे. रोमन लेखनात पाचही अवयव एकाच ओळीत, एकाच तोलाचे दिसतात. प्रत्यक्षात पहिली दोन चिन्हे अर्थाने वाचावयाची आहेत, 'चांगले' व 'पाहणे'. उरलेली तीन ध्वनीने वाचावयाची आहेत, कारण ती 'विभाषा' या संस्कृत शब्दाचे प्रतिलेखन आहेत. कोठे अर्थ संपला व कोठे ध्वनी सुरू झाला हे रोमन अक्षरे सांगत नाहीत. ते चिन्हे पाहूनच कळते. शिवाय 'वि' व 'भा' यांच्या जागी 'फि' व 'फो' कसे आले, हाही प्रश्न उरतोच. पाचव्या शतकाच्या अखेरीस हे भाषांतर झाले तेव्हा त्या चिन्हांचा आरंभ घोष 'ब'ने होत असे. पुढे उत्तरेकडील बोलीत घोष स्पर्श अघोष झाले, आणि सम सुरात असलेले महाप्राणही झाले. बापट यांच्यासारख्या अभ्यासकाने पाली संहिता शेजारी ठेवून चिनी ग्रंथ वाचला याचे महत्त्व येथे कळते. लिप्यंतर त्यांच्या हाती कोशापर्यंत पोहोचण्याची वाट म्हणून होते. प्रमाण म्हणून पाली ग्रंथ होता.

ग्रंथांच्या वाटेने न जाता जिवंत बोलण्याच्या वाटेने चिनी भाषेत शिरलेल्या महाराष्ट्रीयांचेही एक ठळक उदाहरण आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस चिनी बोलू, वाचू व लिहू लागले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांनी चिनी विद्यार्थ्यांना शिकवण्याचे कार्य केले. त्यांचे चिनी नाव आजच्या लिप्यंतरावरून इकडे 'के दिहुआ' असे वाचले जाते. प्रत्यक्ष उच्चार 'खअ ती-ह्वा' याच्या जवळचा आहे. त्यातही पहिली दोन चिन्हे 'कोटणीस' या आडनावाच्या ध्वनीवरून घेतलेली, तर तिसरे 'ह्वा' हे चिन्ह 'चीन' या अर्थाने जोडलेले. चोळकर यांच्या 'च्वो खअ-ह्वा' या नावातही तेच आहे. तेराशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राचे नाव लिहिणाऱ्या यात्रेकरूची युक्ती येथे जशीच्या तशी चालू असलेली दिसते.

६

विसाव्या शतकात चीनने स्वतःच ध्वनिलिपीचा प्रश्न हाती घेतला. १९१८ मध्ये चिनी चिन्हांच्या अवयवांवरून घेतलेली ध्वनिचिन्हे सरकारी रीत्या जाहीर झाली. १९२८ मध्ये स्वीकृत झालेल्या, चाओ युएन-रेन प्रभृतींच्या रोमन लेखनात सूर दाखवण्यासाठी अक्षरांची घडणच बदलली जाई. त्याउलट १९३१ मध्ये व्लादिवोस्तोक येथील परिषदेत संमत झालेल्या 'लातिनह्वा' लेखनाने सूर साफ गाळले. येनानच्या प्रदेशात १९४० नंतर काही काळ त्याला राजमान्यताही लाभली. अखेर ११ फेब्रुवारी १९५८ रोजी 'फिन्-यिन्' ही योजना संमत झाली. तिच्याविषयी त्याच वर्षी जानेवारीत चौ एन-लाय यांनी स्पष्ट केले होते की चिनी चिन्हांची जागा घेणे हा तिचा हेतू नाही. चिन्हांचा उच्चार दाखवणे व प्रमाण बोलीचा प्रसार करणे हा आहे. ही मर्यादा शहाणपणाची होती. प्रमाण चिनीत सूर वगळता सुमारे ४०० आणि सूर धरून सुमारे १३०० अवयव आहेत. त्यांवर सबंध शब्दसंग्रहाचा भार पडतो. चाओ युएन-रेन यांनी केवळ 'षि' या एका अवयवाच्या चिन्हांत सिंह खाणाऱ्या कवीची गोष्ट लिहिली आहे. चिन्हांत ती वाचता येते, रोमन लिपीत तिला अर्थच उरत नाही.

फिन्-यिन् योजनेत 'बी', 'डी', 'जी' ही अक्षरे अनुक्रमे प, त, क या अघोष अल्पप्राणांसाठी आणि 'पी', 'टी', 'के' ही त्यांच्या महाप्राणांसाठी योजली आहेत. चिनी भाषेत घोष स्पर्श नसल्यामुळे मोकळ्या राहिलेल्या अक्षरांचा हा काटकसरीचा उपयोग आहे. परंतु इंग्रजीच्या द्वारे ही अक्षरे मराठीत आली की 'बी'चा ब व 'झेड'चा झ होतो. 'माओ त्से-तुंग' व 'चौ एन-लाय' ही जुनी मराठी रूपे मूळ उच्चाराच्या जितकी जवळ होती, तितकी आजची 'माओ झेडाँग' व 'झोऊ एनलाय' ही नाहीत. लिप्यंतर अधिक शास्त्रीय झाले आणि आपला उच्चार बिघडला, अशी ही विपरीत स्थिती आहे.

वस्तुतः या बाबतीत मराठी विद्यार्थी इंग्रजीभाषकापेक्षा सुस्थितीत आहे. प व फ, त व थ, क व ख यांतील जो भेद इंग्रजीभाषकाला प्रयत्नाने ऐकावा लागतो तो त्याला उपजत ज्ञात आहे; फक्त 'फ' हा ओठांनी, दात न लावता उच्चारला पाहिजे. 'चमचा' यातील दंत्य च आणि 'चिंच' यातील तालव्य च हे दोन निराळे ध्वनी आहेत, हे त्याच्या जिभेला ठाऊक आहे, जरी नागरी लिपी ते वेगळे दाखवत नसली तरी. चिनी भाषेत हाच भेद अर्थभेदक आहे, आणि त्यापलीकडे जीभ मागे वळवून उच्चारलेला तिसरा चकारही आहे. श व ष यांतील, मराठी बोलण्यातून जवळजवळ लोपलेला भेद चिनीत जिवंत आहे. सुरांसाठी मात्र नागरीत सोय नाही. तेथे फिन्-यिन्‌ची सूरचिन्हेच घेतली पाहिजेत.

म्हणून आपल्या विद्यापीठांतून चिनी भाषा शिकवताना, आणि विशेषतः चिनी यात्रेकरूंच्या वृत्तांवर आधारलेला इतिहास लिहिताना, प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी असाव्यात : मूळ चिन्हे, सूरांसह फिन्-यिन्, आणि प्रत्यक्ष ऐकून केलेले नागरी लेखन. जेथे नाव भारतीय असेल तेथे चौथी गोष्ट म्हणून तत्कालीन उच्चाराची पुनर्रचनाही द्यावी. हे श्रमाचे आहे खरे. परंतु ह्युएनत्संग, हिउएन त्सिआंग, युआन च्वांग व श्वान-चांग या चार रूपांखाली एकाच माणसाच्या नोंदी चार ठिकाणी शोधण्याचे श्रम आपले विद्यार्थी आजही करीतच आहेत. आणि 'मो-हो-ला-छा' या चार अवयवांत आपल्या प्रदेशाचे नाव आहे हे त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वासून मानण्यापेक्षा स्वतः वाचून पारखणे अधिक इष्ट होय.